गुण्यात बसवलेले यंत्र

नीरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकरसारख्या गावात सीएनसी राउटरचे काम आता नवलाचे राहिलेले नाही. नव्या घराच्या दारावरची वेलबुट्टी, देव्हाऱ्याची जाळी, दुकानाच्या पाटीवरची उठावदार अक्षरे हे सगळे संगणकाच्या हुकमाने फिरणाऱ्या पात्याने कोरलेले असते. यंत्राची कल्पना साधी आहे. मिनिटाला हजारो फेरे घेणारे एक पाते असते. तीन मोटारी त्याला डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली नेतात, आणि कुठे किती सरकायचे हे फाइलमध्ये लिहिलेले असते. असे यंत्र घरच्या घरी, वेल्डिंगच्या दुकानातल्या सामानातून उभे करता येते का, असा प्रश्न हातात थोडे कसब असलेली तरुण मुले हमखास विचारतात. येते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हा उद्योग करणाऱ्या बहुतेकांचा पैसा आणि काळजी चुकीच्या जागी खर्च होते. मोटार कोणती, कार्ड कोणते, सॉफ्टवेअर कोणते यावर महिने जातात, आणि ज्यावर यंत्राचे सारे काम अवलंबून असते ती जुळणी शेवटच्या रविवारी उरकली जाते. खरे तर जुळणी हेच यंत्र बांधणे आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती क्रमाची शिस्त आणि स्वतःचे काम स्वतःच तपासण्याची पद्धत.

मेंदूचा भाग आज स्वस्त झाला आहे, तो का हे थोडक्यात पाहू. आकड्यांच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राची कल्पना अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे भाग बनवताना सुचली, आणि १९५२ मध्ये एमआयटीने तसे मिलिंग मशीन चालवून दाखवले. त्याचे नियंत्रण करणारी यंत्रणा अवाढव्य होती. आज तेच काम तळहातापेक्षा लहान आर्डुइनो कार्ड करते. त्यावर चालणारा जीआरबीएल हा प्रोग्राम २००९ पासून कोणालाही फुकट मिळतो. म्हणजे जे पूर्वी मोठ्या प्रयोगशाळेलाच शक्य होते ते बारामतीच्या आयटीआयमधल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. सांगाड्याचे मात्र तसे झाले नाही. लोखंड पूर्वी जसे वाकत होते तसेच आजही वाकते, आणि काटकोन आपोआप जुळत नाही.

विक्रेत्याच्या जाहिरातीतले आकडे इथेच फसवतात. साध्या स्टेपर मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले आणि फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकवणारा स्क्रू लावला, तर एका मिलिमीटरचे ६४० भाग होतात. एक भाग ०.००१६ मिलिमीटरचा! हा आकडा वाचून वाटते की यंत्र केसाच्या कितीतरी पट बारीक काम करणार. पण किती बारीक पाऊल टाकता येते आणि पाय नेमका कुठे पडतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूळ तिरका असेल तर पाते त्या तिरक्या रुळावरूनच ०.००१६ मिलिमीटरच्या पावलांनी चालेल, आणि तितक्याच निष्ठेने चुकीच्या जागी पोहोचेल. सांगाड्याच्या ताकदीबद्दलची भीतीही अशीच अस्थानी असते. ५० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप ८०० मिलिमीटरच्या गाळ्यावर टेकवला आणि मधोमध १० किलोचा जोर दिला, तर तो जेमतेम ०.०२५ मिलिमीटर वाकतो. लाकूड कोरायला एवढे पुष्कळ झाले. मात्र गाळा दुप्पट केला की वाक आठपट होतो, कारण तो लांबीच्या घनाने वाढतो. म्हणून पहिले यंत्र लहान करावे. ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट मावली पाहिजे हा हट्टच अनेक घरगुती यंत्रांचा घात करतो.

आता जुळणी. तिचा क्रम बदलता येत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. आधी एक रूळ सरळ करायचा. त्यासाठी रुळाच्या बाजूने बारीक पोलादी तार ताणून बांधावी. ताणलेली तार स्वतःच्या वजनाने खाली किंचित झोळते, पण बाजूला झोळत नाही. त्यामुळे आडव्या दिशेचा सरळपणा पाहायला तिच्यासारखे स्वस्त साधन नाही. पहिला रूळ पक्का आवळला की त्याच्या गाड्यावर डायल गेज बसवायचे, त्याचे टोक दुसऱ्या रुळाच्या कडेला टेकवायचे आणि गाडा या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवायचा. डायलचा काटा मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. तो हलला तिथे रूळ ठोकून, सरकवून, पुन्हा आवळायचा. दुसरा रूळ स्वतंत्रपणे सरळ करू नये, पहिल्याला समांतर करावा, हे नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

मग पीळ. दोन्ही रूळ समांतर असूनही एक कोपरा वर उचललेला असू शकतो, आणि पातळीची बाटली इतका बारीक फरक दाखवत नाही. चारही टोकांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून कर्णांवर दोन दोरे ताणावेत. मधोमध ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. एक कोपरा १ मिलिमीटर वर असेल तर मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट दिसते किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबतो. वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा पाहिले की दोन्ही बाजूंची खात्री होते. ज्या कोपऱ्यात कमी पडेल तिथे पत्र्याची पॅकिंग. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि कात्रीने कापता येतो.

यानंतर वरचा आडवा पूल, म्हणजे गॅन्ट्री, काटकोनात आणायची. आपल्याकडचे गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा हिशोब लावतात, तोच इथे चालतो. यंत्राकडूनच ६०० बाय ८०० मिलिमीटरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बारीक भोके पाडून घ्यावीत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही १००० मिलिमीटर आले तर काम झाले. गॅन्ट्री ८०० मिलिमीटरमध्ये १ मिलिमीटर तिरकी असेल तर दोन कर्णांत १.२ मिलिमीटरचा फरक पडतो. चूक थोडी मोठी होऊनच दिसते, हा या पद्धतीचा गुण. शिवाय इथे मोजमाप सांगाड्याचे होत नाही, यंत्राच्या प्रत्यक्ष चालीचे होते. सांगाडा गुण्यात असेल आणि चाल तिरकी असेल, तर त्या गुण्याचा उपयोग नाही.

शेवटी पात्याची मोटार टेबलाला लंब. तिच्या चकमध्ये १०० मिलिमीटरचा आडवा हात धरून त्याच्या टोकाला डायल लावायचा आणि हाताने गोल फिरवायचा. समोरासमोरच्या दोन जागांत १ मिलिमीटरचा फरक आला, तर २५ मिलिमीटरचे पाते प्रत्येक फेरीत ०.१२५ मिलिमीटरची पायरी सोडते, आणि ती नखाला लागते. हे नीट झाल्यावरच टेबलावरचा बळीचा तक्ता, म्हणजे पात्याचे ओरखडे झेलणारा तक्ता, त्याच यंत्राने तासून सपाट करायचा. तो आधी तासला तर मोटारीचा तिरकेपणा तक्त्यात कायमचा कोरला जातो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ही सगळी मापे ज्या गुण्यावर, ज्या सपाटीवर घ्यायची तीच चुकीची असेल तर? गावात अचूक मापाची साधने आणायची कुठून? उत्तर यंत्रविद्येच्या इतिहासात आहे. लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली यांच्या कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये खऱ्या सपाट पृष्ठभागाविषयीचा आपला निबंध मांडला. ती पद्धत अशी: तीन पाट घ्यायचे, दोन-दोन करून एकमेकांवर रंग लावून घासायचे आणि उंचवटे खरवडत जायचे. दोनच पाट घेतले तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते जुळतील. पण तिन्ही जोड्या जुळल्या तर तिन्ही सपाटच असले पाहिजेत. म्हणजे अधिक अचूक वस्तू हाताशी नसताना अचूक वस्तू तयार झाली. गुण्याचीही अशीच परीक्षा आहे. सरळ कडेला टेकवून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा ओढा. दोन रेघांमधला फरक हा गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असतो. सुताराला हे ठाऊक असते. आणि सपाटीसाठी तर आजच्या माणसाजवळ व्हिटवर्थकडे नव्हते ते साधन आहे: वितळलेल्या कथिलावर तरंगवून केलेली फ्लोट काच. तालुक्याच्या गावी काचेच्या दुकानात जाड काचेचा तुकडा मिळतो आणि घरगुती कामाला त्याची सपाटी पुरते.

दुसरा आक्षेप वेल्डिंगचा. वेल्डिंग ओढते, सांगाडा वाकडा होतो, हे ऊस वाहणारी ट्रॉली दुरुस्त करणाऱ्या कुणालाही माहीत आहे, आणि सोमेश्वर कारखान्याच्या या पट्ट्यात अशी माणसे कमी नाहीत. पण सांगाडा वेल्डिंगने अचूक करायचाच नसतो. तो फक्त दणकट करायचा. अचूकता बोल्ट, लांबट भोके आणि पॅकिंग यांनी नंतर आणायची. काही जण दोन्ही रुळांच्या जागी बांध घालून, मधून चारीने जोडून, सावकाश घट्ट होणारे पातळ एपॉक्सी ओततात. द्रव आपली पातळी आपणच शोधतो आणि तसाच घट्ट होतो. कडेला ते चढते, म्हणून बांध रुळापेक्षा रुंद ठेवावा लागतो.

उन्हाचा मुद्दा त्याहून गंभीर आहे, आणि तो परदेशी माहितीत फारसा भेटत नाही. बारामती-इंदापूर हा कमी पावसाचा, कडक उन्हाळ्याचा मुलूख. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलमधली पहाट आणि दुपार यांत २० अंशांचा फरक धरला, तर एक मीटर लोखंड ०.२४ मिलिमीटर वाढते आणि ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट. सगळा सांगाडा एकाच धातूचा असेल तर तो सगळीकडून सारखाच वाढतो आणि काटकोन टिकतो. लोखंडी पाइपवर लांब ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट आवळली असेल तर मात्र दोन्ही मिळून वाकतात. म्हणून मिश्र सांगाडा टाळावा आणि जुळणी व तपासणी दिवसाच्या एकाच वेळी करावी.

लाकूडच पावसाळ्यात फुगते, मग दशांश मिलिमीटरचा आग्रह कशाला, असे कुणी म्हणेल. फुगण्याची चूक सगळ्या तुकड्यांत सारखी असते. काटकोनाची चूक तुकडा उलटला की दुप्पट होते. ८०० ला १ मिलिमीटर तिरक्या यंत्रावर देव्हाऱ्याची ४०० मिलिमीटर उंचीची दोन दारे कापली आणि नक्षी समोरासमोर यावी म्हणून एक उलटे बसवले, तर मधली फट एका टोकाला १ मिलिमीटरने उघडी पडते. ती घरातल्या प्रत्येकाला दिसते.

खेड्यात हे जमण्याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हेच तिथले शिक्षण. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये याच गावात आली, मोठ्या शहरात नव्हे. आज जगभर पसरलेल्या या प्रयोगशाळांत संगणकावर चालणारी कापणीची आणि कोरीव कामाची यंत्रे हे मुख्य साधन असते. पाबळला ती रुजली याचे कारण जमीन आधी तयार होती: तिथली मुले वेल्डिंग, सुतारकाम, गवंडीकाम आणि विजेचे काम एकत्र शिकत होती. घरगुती राउटरला नेमके हेच मिश्रण लागते. एकाच विद्येतला पारंगत माणूस इथे अडतो; सगळ्यांतले थोडे-थोडे येणारा पुढे जातो.

मग तयार यंत्र का विकत घेऊ नये? रोजच्या ऑर्डरी असतील, दारेच कोरायची असतील, तर जरूर घ्यावे. घरगुती यंत्राने पोलाद कापण्याचा नाद तर कुणीच करू नये. पण तयार यंत्रही ट्रकमधून येते, उतरवताना हलते, आणि लंब-काटकोन पुन्हा जुळवावे लागतात. ज्याने एकदा सारे बसवले आहे त्याला बिघाड कुठे आहे ते कळते. बाकीच्यांना पुण्याहून माणूस येईपर्यंत थांबावे लागते. वीज मध्येच गेली की यंत्र आपली जागा विसरते. मूळ जागी जाऊन पुन्हा शून्य धरण्याचे स्विच बसवणे हा त्यावरचा उपाय, आणि तो पहिल्या दिवसापासून असावा. एमडीएफची धूळ फुप्फुसाला वाईट असते, म्हणून धूळ ओढणारा पंपही त्याच यादीत हवा.

राहिला सुतारांचा आक्षेप, की हे यंत्र हातचे काम काढून घेते. नक्षीचे काही काम जाईल हे मान्य करायला हवे. पण अशा यंत्राची जुळणी सर्वांत चांगली कोण करेल याचा विचार केला तर उत्तर सुताराकडेच जाते. गुण्या उलटून पाहणे, पीळ ओळखणे, कड डोळ्याशी धरून तिचा सरळपणा सांगणे हे त्याच्या हाडीमाशी असते, आणि संगणक शिकलेल्या मुलाला तेच येत नसते. म्हणून गावातल्या यंत्राचा मालक एकटा तंत्रज्ञ नसावा, त्यात सुताराची भागी असावी. यंत्राच्या पात्यालाही मर्यादा आहे. ते गोल असते, त्यामुळे ६ मिलिमीटरच्या पात्याने आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येचा गोलच राहतो. चौकटीचे कूस त्यात बसत नाही. तो कोपरा पटाशीनेच काढावा लागतो.