दिवा पिवळा, दोष कोणाचा?

वाळूजला १९८५ पासून बजाजचा आणि शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना असलेल्या आपल्या छत्रपती संभाजीनगरात मोटारीचे अप्रूप आता कोणाला उरलेले नाही. मोंढ्यातील पेढीची माल पोहोचविणारी व्हॅन असो वा कचनेरला सहकुटुंब जाणारी मोटार, डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमधून बहुधा एकच निदान कानी येते : ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागेल. कधी ते खरे असते. पुष्कळदा नसते, आणि मग काही हजार रुपये खर्चूनही आठवड्याभरात तोच दिवा पुन्हा हजर होतो.

हा सेन्सर धुराच्या नळीत बसतो आणि धुरात प्राणवायू किती उरला, हे इंजिनाच्या संगणकाला कळवितो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण ढळले, की संगणक इंधन कमी-अधिक करतो. बॉशने घडविलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्हॉल्व्होच्या मोटारीत प्रथम आला. शिसे हे त्याचे विष. आपल्याकडे २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हा त्याचा मार्ग मोकळा झाला.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की एक कोड दिसतो. वाचकांनी तो कागदावर लिहूनच घ्यावा. पी-०१३५ म्हणजे सेन्सरला तापविणाऱ्या हीटरच्या मंडलातील दोष. सेन्सर सुमारे ३०० अंशांवर तापल्याखेरीज काम करीत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. येथे प्रथम फ्यूज, मग वायर व कनेक्टर पाहावे. सेन्सरची पाळी त्यानंतर.

पी-०१७१ मात्र फसवा आहे. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त आहे. बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही, म्हणून कोणी त्याच क्षणी रोखपालाला दोषी धरीत नाही. आधी व्हाउचर तपासतात. येथे सेन्सर हा फरक दाखविणारा आहे, फरक करणारा असेलच असे नाही. आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांना याच कोडवर सेन्सर बदलण्यास सांगण्यात आले होते. दुसऱ्या मिस्त्रीने हवेच्या रबरी नळीला गेलेला तडा दाखविला. नळी बदलली, दिवा गेला. सेन्सर अद्याप मूळचाच आहे.

त्या मिस्त्रीने पाहिले ते 'फ्युएल ट्रिम' नावाचे आकडे. संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवितो वा घटवितो, ते त्यात दिसते. दहा टक्क्यांच्या आतबाहेर फार काळजी नसते. उभ्या गाडीत आकडा मोठा आणि इंजिनाचे फेरे २५०० पर्यंत नेताच कमी झाला, तर बहुधा हवा गळते आहे. उलट चढावर वा भाराखाली तो वाढत गेला, तर इंधनपंप किंवा फिल्टर पाहावा. ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉलबरोबर प्राणवायूही येत असल्याने जुन्या गाड्यांत हा आकडा अधिकाकडे थोडा झुकतो, हेही ध्यानी ठेवावे. सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीचे गॅस्केट फुटले असेल, तर बाहेरची हवा आत शिरून तो निर्दोष असतानाही चुकीची साक्ष देतो.

सेन्सरची स्वतःची परीक्षा सोपी आहे. जुन्या प्रकारच्या सेन्सरचा दाब तापलेल्या इंजिनात ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होतो. तो अडकून बसला किंवा फार मंदावला, तरच सेन्सरवर संशय घ्यावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरच्या दुसऱ्या सेन्सरचा आकडा मात्र बव्हंशी स्थिर राहावयास हवा. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर पुष्कळदा निराळ्या जातीचा असतो. त्याला हे माप लावू नये.

दिवा लुकलुकत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सिलिंडरमध्ये इंधन न जळता बाहेर पडत असते आणि सेन्सरहून कितीतरी महाग असलेला कन्व्हर्टर जळू शकतो. गाडी बाजूला घेऊन मिस्त्रीलाच बोलवावे.

सेन्सर बदलणे अटळच ठरले, तर गाडीच्या नेमक्या मॉडेलचाच घ्यावा. इंजिन किंचित कोमट असताना २२ मिलिमीटरच्या खाच असलेल्या पान्याने जुना सोडवावा, नव्याच्या टोकाला तेल वा ग्रीस लागू देऊ नये. नंतर कोड पुसून चार-पाच दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी, मग आकडे पुन्हा पाहावेत. आणि बिलाबरोबर जुना सेन्सर मागून घ्यावा.