५००० फॉर्म पास, नोंदी फक्त ५०! लोड टेस्टिंगमध्ये प्रत्येक युजरचा डेटा वेगळा कसा बनवायचा?

निकालाचा दिवस आठवा. दुपारी बरोबर एक वाजता सगळे एकदम मोबाइल हातात घेतात, सीट नंबर टाकतात आणि स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहतं. आपण म्हणतो, ‘साइट झोपली वाटतं!’

असं होऊ नये म्हणून साइट सुरू होण्याआधी तिच्यावर खोटी गर्दी सोडून बघतात. यालाच लोड टेस्टिंग म्हणतात. मी हेच काम करतो. पण खोटी गर्दी जर खऱ्या गर्दीसारखी वागली नाही, तर टेस्ट चक्क खोटं बोलते. माझ्याशी ती एकदा बोलली होती. आज तीच गोष्ट सांगतो आणि त्यातून ‘युनिक टेस्ट डेटा’ म्हणजे काय, तो कसा बनवायचा, हे समजून घेऊ.

नेमकं काय झालं होतं?

एका प्रवेश-अर्जाच्या साइटची टेस्ट माझ्याकडे होती. टूल होतं अपाचे जेमीटर. हे जावामध्ये लिहिलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. तुमच्या एका लॅपटॉपवरून ते शेकडो ‘व्हर्च्युअल युजर’ तयार करतं आणि ते सगळे एकाच वेळी साइटवर रिक्वेस्ट पाठवतात. जेमीटरच्या भाषेत अशा एका युजरला ‘थ्रेड’ म्हणतात.

मी ५०० युजर ठेवले. प्रत्येकाने १० वेळा फॉर्म भरायचा, म्हणजे एकूण ५००० फॉर्म. नाव आणि ईमेल यांच्यासाठी ५० ओळींची एक सीएसव्ही फाइल बनवली. फाइल संपली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू, अशी सेटिंग होती.

रिपोर्ट आला: ५००० पैकी ५००० पास. सरासरी वेळ १८० मिलिसेकंद. मी खूश!

मग सहज डेटाबेसमध्ये डोकावलो. तिथे नोंदी किती? फक्त ५०.

उरलेल्या ४९५० जणांना साइटने सांगितलं होतं, ‘हा ईमेल आधीच नोंदलेला आहे.’ पण हा निरोप तिने व्यवस्थित पानावर दाखवला होता आणि सर्व्हरने स्टेटस कोड २०० दिला होता. २०० म्हणजे ‘सगळं ठीक’. जेमीटरने तेवढंच पाहिलं आणि हिरवा शेरा मारला.

यात सगळ्यात धोकादायक गोष्ट कुठली, सांगू? नकार देणं हे सोपं काम आहे. ईमेल यादीत आहे का ते बघायचं आणि परत पाठवायचं. अर्ज साठवणं, अर्ज क्रमांक देणं, पोचपावतीची पीडीएफ बनवणं ही जड कामं ४९५० वेळा झालीच नाहीत. मी साइटचा वेग मोजलाच नव्हता. मी तिच्या ‘नाही’ म्हणण्याचा वेग मोजला होता.

मग रँडम नंबर जोडला तर?

गेमिंग आयडी बनवताना तुम्हीही हे केलं असेल. ‘हे नाव आधीच घेतलेलं आहे’ असं आलं की आपण शेवटी काहीतरी आकडे चिकटवतो. मलाही तेच सुचलं. ईमेलच्या मागे सहा आकडी रँडम संख्या लावली. १० लाख शक्यता आहेत, मला तर ५००० च हव्यात. एवढ्यात दोन सारख्या कशा येतील?

येतात! वर्गातलं वाढदिवसाचं कोडं आठवा. फक्त २३ जण असले तरी कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. ६० जणांच्या वर्गात ती ९९ टक्क्यांच्याही वर जाते. कारण आपण एका ठरावीक मुलाशी तुलना करत नाही, प्रत्येकाची प्रत्येकाशी करतो आणि अशा जोड्या खूप होतात.

हाच हिशोब इथे लावा. १० लाख शक्यतांमधून साधारण ११७८ आकडे उचलले की निदान एक तरी पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. ५००० आकडे उचलले तर सरासरी १२ वेळा टक्कर होते. म्हणजे ‘रँडम’ आणि ‘वेगळा’ हे दोन शब्द एक नाहीत. हे लक्षात ठेवा.

वेळ वापरली तर?

दुसरी युक्ती म्हणजे घड्याळ. कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद मोजतो. तो आकडा सतत वाढतो, म्हणून वाटतं की तो कधीच परत येणार नाही. पण एका सेकंदात मिलिसेकंद असतात फक्त १०००. त्याच सेकंदात ५०० युजर एकदम सुटले तर दोघांना एकच मिलिसेकंद मिळायला किती वेळ लागणार? नुसती वेळ एका युजरसाठी ठीक आहे, गर्दीसाठी नाही.

उत्तर शाळेच्या वहीवर आहे

शाळेत वहीवर लेबल लावायचो ना? वर्ष, तुकडी, हजेरी क्रमांक, वही नंबर. हजेरी क्रमांक २३ प्रत्येक तुकडीत असतो. ‘ब तुकडी, २३’ दरवर्षी असतो. पण ‘यंदाची, ब तुकडीतली, २३ नंबरची, तिसरी वही’ अख्ख्या इयत्तेत एकच! आणि हे ठरवायला कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही, नशिबावरही काही सोडावं लागत नाही.

टेस्ट डेटाचं लेबल असंच बनवायचं:

१. वर्षाच्या जागी टेस्ट सुरू झाल्याची वेळ. जेमीटर ती ‘टेस्टस्टार्ट.एमएस’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये स्वतःच ठेवतं. त्यामुळे उद्या तीच टेस्ट पुन्हा चालवली तरी कालच्या नोंदींशी भांडण होत नाही.

२. तुकडीच्या जागी मशीनचं नाव. गर्दी मोठी असेल तर दोन-चार मशीन लावतात. तेव्हा प्रत्येक मशीन पूर्ण टेस्ट चालवतं आणि स्वतःचे नंबर १ पासून मोजतं. नाव जोडलं नाही तर दोन्हीकडचा ‘युजर १’ सारखाच.

३. हजेरी क्रमांकाच्या जागी थ्रेड नंबर. यासाठी ‘थ्रेडनम’ नावाचं फंक्शन आहे. मात्र टेस्टमध्ये दोन थ्रेड ग्रुप असतील तर प्रत्येक ग्रुप १ पासून सुरू होतो, म्हणून ग्रुपचंही नाव घाला.

४. वही नंबरच्या जागी फेरी. ‘काउंटर’ फंक्शन ते देतं. ‘ट्रू’ दिलं तर प्रत्येक युजरची मोजणी वेगळी, ‘फॉल्स’ दिलं तर सगळ्यांची मिळून एक.

चारही जोडले की ‘लोड-१७३५…-मशीन२-०२७-०३’ असं काहीतरी तयार होतं. याचा आणखी एक फायदा आहे. चूक झाली की लॉग बघून लगेच कळतं, दुसऱ्या मशीनवरच्या २७ व्या युजरची तिसरी फेरी अडकली. शिवाय सुरुवातीला ‘लोड’ असल्यामुळे टेस्टनंतर हा सगळा कचरा एका झटक्यात पुसता येतो.

मग यूयूआयडी कशासाठी?

एवढी जोडाजोड नको असेल तर ‘यूयूआयडी’ वापरता येतो. हा १२८ बिटांचा आकडा असतो. डॅशसकट लिहिला तर ३६ अक्षरं. त्याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट रँडम असतात, म्हणजे शक्यता ५ वर ३६ शून्यांपेक्षाही जास्त. इथे रँडम चालतं, कारण मैदानच एवढं मोठं आहे की टक्कर व्हायची भीती व्यवहारात उरत नाही.

अडचण वेगळीच आहे. फॉर्ममध्ये नावाला २० अक्षरांची मर्यादा असेल तर तो बसत नाही, मोबाइल नंबरच्या रकान्यात तर नाहीच नाही. आणि लॉगमध्ये पाहून तो कुणाचा, हे कळत नाही.

मी पडलो ते तीन खड्डे

पहिला: यूयूआयडी मी ‘युजर डिफाइन्ड व्हेरिएबल्स’मध्ये लिहिला. ते टेस्टच्या सुरुवातीला एकदाच वाचलं जातं. परिणाम काय? ५०० जणांना एकच यूयूआयडी! दर फेरीला नवा हवा असेल तर ‘युजर पॅरामीटर्स’ वापरा.

दुसरा: ‘ईमेल’ आणि ‘ईमेल पुन्हा लिहा’ या दोन्ही रकान्यांत मी थेट फंक्शन टाकलं. प्रत्येक वेळी ते नवीन यूयूआयडी देत होतं, त्यामुळे दोन्ही ईमेल कधीच जुळेनात. आधी व्हेरिएबलमध्ये साठवा, मग तेच दोन्हीकडे वापरा.

तिसरा: सीएसव्ही फाइलचं शेअरिंग ‘करंट थ्रेड’ ठेवलं होतं. त्यात प्रत्येक युजर फाइल स्वतंत्र उघडतो आणि पहिल्या ओळीपासून सुरू करतो. म्हणजे सगळ्यांना पहिली ओळ! ‘ऑल थ्रेड्स’ ठेवा, फाइल पुन्हा फिरवणं बंद करा आणि फाइल संपली की थ्रेड थांबवा. मशीन अनेक असतील तर प्रत्येकावर वेगळ्या ओळींची फाइल द्या.

वेगळा हवा, पण खऱ्या माणसाचा नको

ही गोष्ट गमतीची नाही. भारतात मोबाइल नंबर १० आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. तुम्ही रँडम नंबर बनवला तर तो कुणाचातरी खरा नंबर असू शकतो. मध्यरात्री टेस्ट लावली आणि अनोळखी लोकांच्या फोनवर धडाधड ओटीपी जाऊ लागले तर? बिचारे घाबरून बँकेलाच फोन करतील. म्हणून टेस्टच्या वेळी खरी एसएमएस सेवा बंद ठेवून तिच्या जागी नकली सेवा लावतात. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे डोमेन १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेलं आहे, तेच वापरा. आणि साइटही टेस्टसाठीची, परवानगी घेतलेलीच हवी. दुसऱ्याच्या साइटवर अशी गर्दी सोडणं हा हल्लाच ठरतो.

प्रत्येक गोष्ट वेगळी हवी का?

नाही. सर्व्हर वारंवार मागितलेली गोष्ट जवळ ठेवतो, त्याला कॅश म्हणतात. सगळ्यांनी एकच शब्द शोधला तर उत्तर कॅशमधून येतं आणि साइट खोटी वेगवान दिसते. उलट शॉपिंग साइटवर नवा आलेला फोन हजारो लोक खरोखरच एकदम बघतात. तिथे प्रत्येकाला वेगळी वस्तू दिली तर साइट उगाच मंद दिसेल. ईमेल आणि अर्ज वेगळे ठेवा, पण जिथे खरे लोक एकाच गोष्टीवर तुटून पडतात तिथे टेस्टमध्येही तसंच होऊ द्या.

शेवटी काय झालं?

वहीच्या लेबलासारखा डेटा बनवून मी टेस्ट पुन्हा लावली. या वेळी नुसत्या स्टेटस कोडवर विश्वास ठेवला नाही. पानावर अर्ज क्रमांक दिसला तरच पास, अशी अट ‘रिस्पॉन्स असर्शन’ने घातली. १८० मिलिसेकंदांचे झाले ६ सेकंद आणि २०० युजरनंतर अर्ज अडकायला लागले. नवा अर्ज क्रमांक देण्यासाठी साइट दर वेळी अख्खं टेबल मोजत होती आणि तेवढा वेळ बाकीचे रांगेत उभे राहत होते. डेव्हलपरने ते बदललं. प्रवेश सुरू व्हायला तेव्हा नऊ दिवस होते.

आधीच्या हिरव्या रिपोर्टवर मी सही करून मोकळा झालो असतो, तर ते गोल चक्र घरातला एकुलता एक मोबाइल मागून घेऊन बसलेल्या मुलांच्या स्क्रीनवर फिरलं असतं. म्हणून आता माझी एकच सवय आहे. रिपोर्ट उघडण्याआधी मी डेटाबेसमधल्या नोंदी मोजतो. ५००० पाठवले असतील, तर ५००० च दिसायला हवेत.