पाकीट एकाचं, नाव दुसऱ्याचं

समजा, एका बचत गटाने मसाला कुटला आणि दुसऱ्या गटाने तो पाकिटात भरून बाजारात नेला. भरताना दुसऱ्या गटाने त्यात थोडा बदल केला, तर पाकिटावर नाव कोणाचं लावायचं? तक्रार आली तर ती कोणी ऐकायची? कॉम्प्युटरच्या जगातही हाच वाद होतो, आणि तिथेही राबणारे पुष्कळ जण बिनपगारी असतात.

काही सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि त्यात बदल करून पुढे वाटायचीही मुभा असते. ते लिहिणाऱ्यांना 'अपस्ट्रीम' म्हणतात, म्हणजे उगमाकडचे. त्यांचं सॉफ्टवेअर घेऊन, तपासून, बाकीच्या सॉफ्टवेअरशी जुळवून आपल्यापर्यंत पोचवणारे ते पॅकेज करणारे. १९९३ साली सुरू झालेला 'डेबियन' हा अशाच स्वयंसेवकांचा प्रकल्प. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे.

मग बिनसतं कुठे? डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा निघाली की तिच्यातलं बहुतेक सॉफ्टवेअर काही वर्षं तेच ठेवतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या जुन्यालाच जोडतात. ज्यांना रोजच्या कामात अचानक बदल नको, त्यांची सोय होते. पण लिहिणाऱ्याने केव्हाच सुधारलेल्या चुकीच्या तक्रारी जुन्या पाकिटामुळे त्याच्याच दारात येत राहतात. तो वैतागतो, आणि त्याचंही चूक नाही.

२००६ साली फायरफॉक्सवरून असंच झालं. ते बनवणारी मोझिला म्हणाली, आमचं नाव लावायचं तर बोधचिन्हही लावा आणि तुमचे बदल आधी आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या. बोधचिन्ह बदलायची मोकळीक नव्हती, म्हणून ते डेबियनच्या नियमात बसेना. शेवटी डेबियनने नावच बदललं, 'आइसवीझल'! दहा वर्षांनी, २०१६ मध्ये समेट झाला आणि फायरफॉक्स हे नाव परत आलं.

मोझिलाची काळजी उगाच होती का? तसंही नाही. २००६ मध्येच डेबियनमध्ये ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर एका तपासणीत खटकला म्हणून काढला गेला. त्याआधी मूळ लेखकांकडे विचारणाही झाली होती, पण बदलाचा परिणाम काय होईल हे कोणाच्याच नीट ध्यानात आलं नाही. त्यामुळे गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या बनू लागल्या. एका प्रकारच्या किल्लीचे जेमतेम ३२ हजारांच्या आसपासच नमुने उरले. २००८ च्या मे महिन्यात हे उघड झालं आणि जगभर लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. यात कोणाचाच हेतू वाईट नव्हता. विचारलेलं आणि समजलेलं यांत अंतर पडलं, एवढंच.

म्हणून अशा कामात काही रीती पाळतात. केलेला प्रत्येक बदल लिहून सर्वांसमोर ठेवायचा. चांगली दुरुस्ती आपल्यापाशीच न ठेवता उगमाकडे पाठवायची. आणि वापरणाऱ्यांनी तक्रार आधी पॅकेज करणाऱ्याकडे न्यायची, कारण दोष मूळ मालात आहे की भरण्यात, हे आधी त्यालाच पाहता येतं.

आपणही काही अडलं तर सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती आणि ते कुठून घेतलं, एवढं टिपून मगच विचारावं. समोरची व्यक्ती आपल्या फावल्या वेळात उत्तर देत असते, याची जाण ठेवून विचारावं.