काळ्या पाण्यातली हिरवळ

घरातल्या माशांच्या टाकीचे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस दिसले, की 'पाणी कधी बदलले होते?' असा प्रश्न ठरलेला. परंतु रंगीत पाणी म्हणजे घाण पाणी, असे नेहमीच नसते. हल्ली अनेक हौशी मंडळी सुकी पाने व लाकूड टाकून मुद्दाम असे पाणी तयार करतात. त्याला 'ब्लॅकवॉटर' टाकी म्हणतात.

याचा मूळ नमुना दक्षिण अमेरिकेतील रिओ निग्रो, म्हणजे 'काळी नदी'. ब्राझीलमधील मनाउस शहराजवळ ती फिकट, गढूळ पाण्याच्या सोलिमोईस नदीला मिळते आणि दोन्ही प्रवाह काही किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. रिओ निग्रोच्या खोऱ्यात वाळूची, क्षार कमी असलेली जमीन आहे. जंगलातला पालापाचोळा कुजतो, त्यातली ह्युमिक आम्ले व टॅनिन पाण्यात उतरतात. या पाण्याचा सामू (पीएच) साधारण 4 ते 5 असतो. कार्डिनल टेट्रा हा निळ्या-लाल पट्ट्यांचा लोकप्रिय मासा इथलाच.

अशा पाण्यात वनस्पती वाढवणे मात्र सोपे नाही. पहिली अडचण उजेडाची. तांबूस पाणी प्रकाश, विशेषतः निळा प्रकाश, शोषून घेते. दुसरी अडचण क्षारांची. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम कमी पडले की नवी पाने वेडीवाकडी येतात, जुनी पिवळी पडतात. व्हॅलिस्नेरियासारखी वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते. तो आम्लधर्मी पाण्यात जवळपास नसतोच. त्यामुळे ती इथे रखडते.

म्हणून निवड महत्त्वाची. लाकडाला बांधलेले जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियास कमी उजेडात तग धरतात. मात्र त्यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. क्रिप्टोकोरिन मुळांवाटे अन्न घेते, म्हणून तिच्या मुळाशी खताची गोळी ठेवावी. या कुळातल्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही वाढतात. सर्वांत सोपा मार्ग तरंगत्या वनस्पतींचा. त्यांची पाने पाण्याबाहेर असल्याने उजेड आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट मिळतो.

रंगासाठी आपल्याकडे अंगणात, समुद्रकिनारी दिसणाऱ्या देशी बदामाची आपोआप गळालेली तपकिरी पाने चालतात. फवारणी न झालेल्या झाडाची घ्यावीत, धुवावीत, एक-दोन पानांपासून सुरुवात करावी. बोअरच्या जड पाण्यात मात्र रंग येतो, पण सामू फारसा उतरत नाही. त्यातला बायकार्बोनेट आम्लाला पुरून उरतो. अशा वेळी लिंबू किंवा व्हिनेगर ओतण्याचा मोह टाळावा. आरओचे पाणी थोडे थोडे मिसळत जाणे सुरक्षित.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. एरवी टाकीतले जिवाणू त्याचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. पण सामू 6 च्या खाली गेला की त्यांचे काम फार मंदावते. तरीही मासे जगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम या स्वरूपात राहतो आणि ते रूप कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. यकृताच्या रुग्णांना दिले जाणारे लॅक्टुलोजचे औषध काहीसे याच तत्त्वावर चालते. त्यामुळे मोठ्या आतड्यातील आम्लता वाढते, अमोनियाचे अमोनियम होते आणि ते रक्तात कमी शोषले जाते.

आता समजा, पाणी फार काळे झाले म्हणून एके दिवशी निम्मी टाकी रिकामी करून नळाचे पाणी भरले. सामू 6 वरून 8 वर गेला, की एकूण अमोनियातला विषारी रूपाचा वाटा जवळपास शंभर पटींनी वाढतो. एकूण अमोनिया खरे तर निम्म्यावर आलेला असतो. तरी तासाभरात मासे वर येऊन धापा टाकू लागतात. बाजारातले बहुतेक किट एकूण अमोनिया दाखवतात. म्हणून तो आकडा सामूसोबतच वाचावा. मासे मोजके ठेवावेत, दर आठवड्याला 10 ते 20 टक्केच पाणी बदलावे आणि नवे पाणी जुन्याशी मिळतेजुळते असावे.

इथेच वनस्पतींचे मोल कळते. अमोनियम हे त्यांचे आवडते खाद्य. जिवाणू थंडावले असता टाकीच्या मूत्रपिंडाचे काम तरंगती हिरवळ करते. वाढलेली पाने अधूनमधून काढून टाकली की शोषलेले नत्रही टाकीबाहेर जाते. सडकी पाने मात्र तशीच राहू देऊ नयेत.

शेवटी हातांविषयी. पाणी काळे असो वा स्वच्छ, टाकीत 'मायकोबॅक्टेरियम मरिनम' हा क्षयजंतूचा भाऊबंद असू शकतो. हाताला जखम असताना टाकी साफ केली, तर काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी, हळूहळू वर सरकणारी गाठ उठते. हा जंतू साधारण 30 अंश तापमानाला वाढतो. नेहमीच्या 37 अंशांच्या तपासणीत तो सुटू शकतो. म्हणून अशी गाठ आल्यास 'घरी माशांची टाकी आहे' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. उपचार आहेत, पण ते काही महिने चालतात. त्यापेक्षा जखम असताना रबरी हातमोजे घालणे, पाणी उपसताना नळी तोंडाने न ओढणे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणे केव्हाही स्वस्त.