‘दप्तरी दाखल’

श्रोतेहो, सरकारी कचेरीत नोकरी करणारा माणूस कविता लिहितो, याचं लोकांना नवल वाटतं. मला वेगळंच नवल वाटतं. दिवसभर कागदावर शब्द उतरवणाऱ्या माणसाला, ते शब्द समोरच्याला कळले की नाही, हे विचारावंसं वाटत नाही. मलाही कितीतरी वर्षं वाटलं नव्हतं.

बी.ए. होऊन मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत लिपिक म्हणून लागलो. १९९८ सालची गोष्ट. निराधार योजनेच्या टेबलावर होतो. एक विधवा बाई आल्या. पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, ‘‘बाबा, पैसे कवा सुरू व्हतील?’’ मी कागद उघडला. आमच्याच कचेरीचं पत्र होतं, आठ महिन्यांपूर्वीचं. त्यात लिहिलं होतं, ‘विहित मुदतीत त्रुटींची पूर्तता न केल्यास आपले प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येईल.’ मी म्हणालो, ‘‘मावशी, तुमचा अर्ज तर बंद झाला.’’ त्या म्हणाल्या, ‘‘बंद कसा? कागदात तर दाखल म्हणलंय की.’’

मित्रहो, कचेरीच्या भाषेत ‘दप्तरी दाखल’ म्हणजे फाईल बंद. बाहेरच्या मराठीत ‘दाखल’ म्हणजे आत घेतलेला, नोंद झालेला. मावशींनी गावातल्या शाळकरी मुलाकडून पत्र वाचून घेतलं होतं. अर्ज दाखल होणार म्हणून दोघंही खूश झाले होते. त्रुटी होती फक्त वयाच्या दाखल्याची. तो आणायला एक दिवस पुरला असता. पत्राच्या कोपऱ्यात मसुदा करणाऱ्याची आद्याक्षरं होती. ती माझी होती.

मावशींना नव्याने अर्ज करावा लागला. मधले आठ महिने गेले ते गेलेच. त्यांनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही. तो बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता हे असं का होतं? कर्मचारी मुद्दाम अवघड लिहितात, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. पहिलं कारण म्हणजे नक्कल. नवा लिपिक जुनी फाईल पुढ्यात ठेवतो आणि नाव, तारीख बदलून तोच मसुदा उतरवतो. दुसरं कारण भीती. रुळलेले शब्द वापरले की साहेब खोडत नाहीत, लेखापरीक्षक विचारत नाही, कोर्टात अडचण येत नाही, असं त्याला वाटतं. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. ‘कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य पाहा. कोण करील? केव्हा करील? या वाक्यात कर्ताच नाही. कर्ता नसला की जबाबदारीही नसते, म्हणून हे वाक्य कचेरीला फार आवडतं.

काही जण म्हणतात, दोष संस्कृत शब्दांचा. काही म्हणतात, फारसीचा. आमच्या घरी दखनी बोलतात, शेतात आणि शाळेत मराठी. त्यामुळे दोन्हींकडचे शब्द माझ्या कानावर लहानपणापासून आहेत. अर्ज, मुदत, दाखला हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आले, पण ते आज कुणालाही समजतात. सदरहू, मजकूर हे त्याच वाटेने आले, पण ते समजत नाहीत. तिकडे विहित, अनुज्ञेय, उपरोक्त हे शब्दही समजत नाहीत. शब्द कुठून आला, याने काही बिघडत नाही. तो मावशींपर्यंत पोचतो का, एवढंच पाहायचं असतं.

राज्याने या बाबतीत काहीच केलं नाही, असंही नाही. १९६० साली भाषा संचालनालय आलं, १९६२ साली पदनामकोश आला. राज्यकारभार मराठीत चालावा म्हणून १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. कचेरीतली फाईल साधारणपणे एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं सांगणारा कायदा २००५ साली झाला. त्याचं पूर्ण नाव सांगायला बसलो तर आपली वेळ संपेल. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा हक्क ठरवला. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पण नाकारल्याचं कारणच कळलं नाही, तर अपील कशावर करणार?

कायदा दार उघडतो, आत बसलेल्या माणसाला बोलतं करत नाही. ते काम आतल्या माणसांनीच करायचं असतं आणि आपल्याकडे ते झालेलंही आहे. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी स्वतःच्या पुढाकाराने कचेरीची मांडणी आणि कागद हाताळण्याची रीत बदलली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव पुढे राज्यभर गेलं. राजपत्रित अधिकाऱ्यांच्या महासंघाने आपल्याच सभासदांसाठी ‘पगारात भागवा’ ही मोहीम काढली. इंग्लंडमध्येही सर अर्नेस्ट गॉवर्स या जन्मभर सरकारी चाकरी केलेल्या गृहस्थांनी तिथल्या अर्थखात्याच्या विनंतीवरून कर्मचाऱ्यांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे छोटं पुस्तक लिहिलं. ते १९४८ साली निघालं.

आम्ही मोठी माणसं नव्हतो. २०१६ साली कचेरीतले आम्ही पाच जण ठरवून बसलो. आदेश नव्हता, भत्ता नव्हता. दर बुधवारी दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की आठवड्यात जाणारी पत्रं काढायची आणि आमच्या शिपाईमामांना मोठ्याने वाचून दाखवायची. ‘‘मामा, आता तुम्ही काय कराल?’’ असं विचारायचं. ते सांगू शकले नाहीत तर पत्र पुन्हा लिहायचं. ‘त्रुटींची पूर्तता’च्या जागी आम्ही लिहू लागलो, ‘तुमच्या अर्जाला वयाचा दाखला जोडलेला नाही. तो या महिन्याच्या २० तारखेपर्यंत टेबल क्रमांक तीनवर आणून द्या. न दिल्यास अर्ज बंद होईल. मग नवा अर्ज करावा लागेल.’ कोणत्या कामाला कोणते कागद लागतात, याचा मोठ्या अक्षरांतला फलक दारापाशी लावला. रंगाचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले.

सगळं गोड झालं, असं सांगणार नाही. एका साहेबांनी ही भाषा शासनाला शोभत नाही म्हणून मसुदे परत केले. आम्ही एकच विनंती केली, जुना आणि नवा मसुदा मामांना वाचून दाखवू द्या. ते हसले आणि सही केली. पुढे आमच्यातल्या दोघांची बदली झाली. बुधवार कधी चुकू लागले. घाईच्या दिवसांत माझ्याच लेखणीतून ‘उपरोक्त’ उतरलं. स्वेच्छेने केलेल्या कामाची ही अडचण असते. माणूस गेला की काम थांबतं. म्हणून नंतर आम्ही नवे मसुदेच एका फाईलमध्ये लावून ठेवले. नवा लिपिक नक्कल करणारच असेल, तर निदान चांगल्याची करील. त्याच कामासाठी लोकांना पुन्हापुन्हा घालावे लागणारे हेलपाटे कमी झाले, हे मात्र टेबलावर बसून मला दिसत होतं.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी कचेरीत असतील, तर त्यांना एवढंच सांगेन. उद्या सही होण्याआधी एक पत्र मोठ्याने वाचा. आणि जे खिडकीच्या बाहेर उभे असतात, त्यांनी संकोच करू नये. काय आणायचं, कधीपर्यंत आणि कुणाकडे, हे तीन प्रश्न विचारावेत. समजलं नाही हे सांगण्यात कमीपणा नाही. कमीपणा असेल तर तो लिहिणाऱ्याचा.

मी आता निवृत्तीला आलो आहे. मावशींचं ते पत्र मी तेव्हा मागून घेतलं होतं. अजून माझ्या खणात आहे. ते मी दप्तरी दाखल केलेलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)