पुस्तक एक, शाळा अनेक!

दोस्तांनो, नवी पुस्तकं हातात पडली की पहिलं काम काय? नाक खुपसून कोऱ्या कागदाचा वास घ्यायचा! मग खाकी कव्हर, त्यावर नावाची चिठ्ठी. एवढं झालं की या वेळी आणखी एक करा. पुस्तक कुणी छापलंय ते वाचा.

राज्य मंडळाच्या शाळेत असाल, तर तिथं 'बालभारती'चं नाव दिसेल. पुण्याची ही संस्था १९६७ साली स्थापन झाली. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू अशा किती तरी भाषांत ती पुस्तकं काढते. म्हणजे सावंतवाडीचा मुलगा जे गणित सोडवतो, तेच गोंदियाची मुलगीही सोडवते. दहावीचंही तसंच. विभागीय मंडळं नऊ, पण प्रश्नपत्रिका राज्यभर एकच!

आता प्रश्न असा, की सगळ्यांना एकच अभ्यास कशाला? आपापल्या शाळेनं आपापलं ठरवलं तर काय बिघडेल?

समजा, बीड जिल्ह्यातली पाचवीतली एक मुलगी आहे. दिवाळीच्या सुमारास तिचे आईबाबा ऊसतोडीला कोल्हापूरकडे निघाले. तीही सोबत गेली आणि तिथल्या शाळेत जाऊन बसली. पुस्तक तेच असेल, तर अपूर्णांक जिथं सुटले तिथून तिला पुढं जाता येईल. प्रत्येक गावाचा अभ्यास वेगळा असता, तर बिचारीचं वर्षच वाया गेलं असतं! शिवाय 'या गावातल्या मुलांना एवढं पुरे' असं म्हणायची सोय कुणालाच राहत नाही.

पटलं? पण जरा थांबा. दुसरी बाजूही ऐका.

मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या किंवा गडचिरोलीतल्या माडिया मुलीच्या घरात मराठी बोलत नाहीत. पहिलीच्या पुस्तकातला पहिला शब्दच त्यांना परका! अशा वेळी बाईंनी त्यांच्या बोलीतून सुरुवात केली, तर ती मुलं शाळेत रमतील. पुण्यात बसून हे कसं दिसणार? ते त्या शाळेलाच दिसतं. उन्हाचंच घ्या ना. जूनच्या मध्यावर राज्यात इतरत्र घंटा वाजते, तेव्हा विदर्भ तापलेला असतो. म्हणून तिथल्या शाळा काही दिवस उशिरा उघडतात. सगळ्यांना एकच तारीख लावली असती तर?

हा वाद आजचा नाही बरं का! १८८२ साली इंग्रज सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी सगळ्यांसाठी होती. पण त्यांनी असंही सुचवलं, की खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, मात्र ते कामाला येणारे हवेत. त्यात शेतीची माहितीही त्यांना हवी होती. आणि शाळांचा कारभार नगरपालिकांवर सोपवून मोकळं होऊ नका, वर शिक्षण खात्याची देखरेख ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही बाजूंचा विचार एकाच माणसानं केला होता!

आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदाही दोन्ही पारडी सांभाळू पाहतो. शाळेत काय काय हवंच, हे तो देशभरासाठी ठरवतो. त्याच वेळी सरकारी आणि अनुदानित शाळांत 'शाळा व्यवस्थापन समिती' असावी, असंही सांगतो. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला! पण ही समिती नुसती सह्यांपुरती जमली, तर कायदा कागदावरच राहणार, नाही का?

मग बरोबर कोण? उत्तर कदाचित तुमच्या घरातच सापडेल. आईबाबा आपल्या राज्यातल्या शाळेत शिकले असतील, तर त्यांना विचारा, "तिसरीत तुम्ही कोणत्या जिल्ह्याचा भूगोल शिकलात?" कुणी सांगेल सातारा, कुणी परभणी. पुस्तकं काढणारी संस्था एकच, नकाशा वाचायची रीतही एकच, पण नद्या, पिकं आणि डोंगर ज्याच्या त्याच्या जिल्ह्याचे! काय यायलाच हवं हे सगळ्यांसाठी एक आणि ते कसं शिकवायचं हे शाळेच्या हाती, असं जमू शकतं.

आता तुमची पाळी. वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा, 'राज्यभर सारखं हवं'. दुसऱ्यात लिहा, 'आमच्या शाळेनं ठरवावं'. गणित, गणवेश, सुट्ट्या, खिचडी, परीक्षा, सहल यांतलं काय कुठं जाईल? वर्गात मित्रमैत्रिणींशी भांडा, पण मुद्द्यांनी!

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठीही एक प्रश्न. शाळेच्या समितीची पुढची सभा केव्हा आहे? ठाऊक नसेल, तर उद्या शाळेत विचाराल ना?