बेपत्ता माणसाचे खाते

बँकेत मृत खातेदाराचा दावा त्या मानाने सोपा असतो. मृत्यूचा दाखला, वारसांचा अर्ज, जामीनदारांच्या सह्या. काम पुढे सरकते. अवघड असतो तो बेपत्ता माणसाचा दावा. तो गेला असे घरचे म्हणत नाहीत आणि तो आहे असे कोणी दाखवू शकत नाही. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ने यावर एक तोडगा काढला होता. ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर. नव्या साक्ष्य अधिनियमातही तरतूद तीच आहे. कायद्याचे समाधान सात वर्षांनी होते. घरच्यांचे होतेच असे नाही.

नव्वदच्या दशकात बदलीच्या चक्रात मी वरच्या आसामात जाऊन पडलो. तिनसुकियाहून दिब्रुगडकडे जाताना वाटेत चाबुआ लागते. ‘चा’ म्हणजे चहा आणि ‘बुआ’ म्हणजे लावलेला, अशी या नावाची फोड तिकडे सांगतात. मळ्यांच्या हिरव्या सपाटीला लागून हवाई दलाचा तळ आहे. कर्जदारांच्या भेटीला त्या रस्त्याने जाताना एका वृद्ध सहकाऱ्याने ईशान्येकडच्या निळ्या डोंगररेषेकडे बोट दाखवून मला सांगितले होते, ‘‘तिथे पोरं राहिलीत, साहेब. अमेरिकेची.’’ त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला पुढे बरेच वाचावे लागले.

एप्रिल १९४२च्या अखेरीस जपान्यांनी ब्रह्मदेशातील लाशिओ घेतले आणि चीनला रसद पोहोचवणारा बर्मा रोड तुटला. उरला आकाशमार्ग. चाबुआ, दिनजान, मोहनबारी, सुकेराटिंग, जोरहाट, तेजपूर अशा आसामातल्या तळांवरून उडायचे आणि सुमारे ८०० किलोमीटरवरच्या कुनमिंगला उतरायचे. मध्ये हिमालयाच्या पूर्व टोकाच्या रांगा. वैमानिक या मार्गाला ‘हंप’, म्हणजे उंटाचे मदार, म्हणत. पेट्रोल, दारूगोळा, यंत्रांचे सुटे भाग असा साडेसहा लाख टनांच्या आसपास माल या वाटेने गेला. जुलै १९४५ या एकाच महिन्यात ७१ हजार टन.

ही झाली जमेची बाजू. नावेची बाजू अशी : किमान ५९४ विमाने पडली, हरवली किंवा मोडीत निघाली. १,३१४ माणसे मेली. विमानातून उड्या टाकून किंवा अपघातातून वाचून १,१७१ जण परतले. आणि ३४५ बेपत्ता. निरभ्र दिवशी खाली चमकणाऱ्या अवशेषांवरून वाट ओळखता येते, असे वैमानिक म्हणत. त्या वाटेला त्यांनी नावही दिले होते : ॲल्युमिनियमची पायवाट.

दोष हवामानाचा होताच. पंखांवर बर्फ धरायचे आणि मान्सूनचे ढग धावपट्टीला टेकायचे. पण सगळेच डोंगरावर ढकलून चालणार नाही. सी-४६ हे नवे मालवाहू विमान पुरेसे पारखून न घेताच कामाला जुंपले होते. शिवाय ६५० तास उड्डाण केले की वैमानिकाला घरी जायला मिळे. पंचविशीच्या आतबाहेरची मुले ती! त्यांतल्या कित्येकांनी चार-पाच महिन्यांत तास पुरे करण्याचा सपाटा लावला आणि थकलेल्या डोळ्यांनी ती उडत राहिली. जानेवारी १९४४ मध्ये दर हजार उड्डाण-तासांमागे जवळजवळ दोन अपघात होत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात सूत्रे घेतलेल्या जनरल विल्यम टनर यांनी तासांची अट ७५० केली आणि वर्षभर राहणे सक्तीचे केले. देखभालीची आणि प्रशिक्षणाची शिस्त लावली. माल वाढला, अपघातांचे प्रमाण मात्र घसरले. आकडे योग्य जागी पाहिले तर माणसे वाचतात, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

परतलेल्यांची कथा मात्र डोंगरातल्या माणसांवाचून पुरी होत नाही. २ ऑगस्ट १९४३ रोजी चाबुआहून निघालेल्या सी-४६चे इंजिन बंद पडले. सीबीएस रेडिओचे वार्ताहर एरिक सेव्हराइड यांच्यासह आतल्या लोकांनी छत्र्या घेऊन नागा टेकड्यांत उड्या टाकल्या. सहवैमानिक मृत्युमुखी पडला. वीस जण वाचले. मुंडकी मारणारे म्हणून ज्यांची ख्याती होती, त्याच नागा गावकऱ्यांनी त्यांना अन्न आणि आसरा दिला. लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर आपण होऊन छत्रीने खाली उतरले आणि मोकोकचुंगचे ब्रिटिश अधिकारी फिलिप ॲडम्स पायी त्यांना आणायला गेले.

जे परतले नाहीत त्यांचे काय? अमेरिकेच्या १९४२च्या कायद्यानुसार वर्ष उलटले की बेपत्ता सैनिकाला मृत ठरवता येत असे. वेतनाचा हिशेब त्यामुळे मिटला. मराठी माणसाला या गोष्टीचा उलगडा करून सांगायला नको. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या सधवाच राहिल्या. ‘मीच भाऊ’ म्हणत जो तोतया उभा राहिला, तो याच फटीतून आला. खात्री नसलेल्या मरणाला जागा मोठी लागते. ते एका घरात मावत नाही, पुढच्या पिढीत जाते.

२५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून चाबुआकडे निघालेले ‘हॉट ॲज हेल’ नावाचे बी-२४ बॉम्बर आठ जणांसह हरवले. २००६ मध्ये क्लेटन कूल्स या अमेरिकी गिर्यारोहकाला अरुणाचलात दामरोजवळ त्याचे अवशेष दिसले, तेही स्थानिकांच्या मदतीने. तेव्हा त्या वैमानिकांचे आईबाप हयात नव्हते. पाठपुरावा केला तो पुतण्या-भाच्यांनी. उत्खनन झाले २०१५ मध्ये आणि एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीहून अवशेष अमेरिकेला रवाना झाले. त्यातून लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये जॉर्जियात, त्यांच्या गावी, दफन झाले. त्र्याहत्तर वर्षांनी एक नोंद जुळली.

हे अमेरिकेचे कौतुक म्हणून सांगत नाही. आपलीही खाती आहेत. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे गेलेले हवाई दलाचे एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांग भागात नाहीसे झाले. २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, आपल्या जवानांनी आणखी चार देह खाली आणले. आणि ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून, म्हणजे हंपच्याच एका जुन्या तळावरून, मेचुकाला निघालेले एएन-३२ अरुणाचलात कोसळले. उपग्रह आणि हेलिकॉप्टरे असूनही ते सापडायला आठ दिवस लागले. तेरा जण गेले. डोंगर तेच आहेत.

पासीघाटला नोव्हेंबर २०२३ मध्ये हंप संग्रहालय उघडले, हे चांगलेच झाले. पण खरे दफ्तर अजून जंगलात आहे. हरवलेल्या प्रत्येक विमानाच्या अमेरिकी अहवालात इंजिनांचे क्रमांक लिहून ठेवलेले असत. रानात पडलेल्या इंजिनावरच्या पट्टीवर तोच क्रमांक सापडला, की विमान कळते आणि विमान कळले की आतली नावे कळतात. व्हाउचर आणि लेजर जुळवण्यासारखेच आहे हे. गावकऱ्यांनी विमानाच्या पत्र्याची भांडी केली, त्यात वावगे काही नाही. मात्र भंगारवाल्याच्या तराजूत ती क्रमांकाची बोटभर पट्टी गेली, तर सारेच संपते. कोणत्या ओढ्याच्या वर इंजिन पडले आहे हे जाणणारे म्हातारे शिकारी आता थोडे उरले आहेत. जिल्हा कचेरीतल्या एखाद्या कारकुनाने वही-पेन घेऊन त्यांच्याकडे जावे आणि ती ठिकाणे व ते क्रमांक उतरवून घ्यावेत. एवढे काम या पावसाळ्याआधीही होऊ शकेल.